लग्नाचा बायोडेटा आणि रात्रीचे मेसेज

"मॅडम, नंबर बदलला की सुटंल काय हे सगळं?" कुणी ऑनलाईन छळायला लागलं की पहिला प्रश्न हाच येतो, म्हणून एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

बेळगावात वडगाव भागातलं घर, यंत्रमागावर चालणारं, मुलगी चोवीसची. दीड महिना कोणीतरी रोज रात्री वेगवेगळ्या नंबरांवरून मेसेज करत होता. शिव्यांपेक्षा तिला भीती दुसऱ्याच गोष्टीची, त्याला आईचं माहेर माहीत, मामाचं खानापुरातलं दुकान माहीत, भाऊ कुठं कामाला आहे तेपण माहीत. मग त्यानं तिच्या फोटोचं खोटं इन्स्टा अकाऊंट काढून चुलत बहिणींना रिक्वेस्ट पाठवल्या. वडिलांनी फोन काढून घेऊन कपाटात ठेवला. "कुणाशी तरी बोललीच असणार की ही," असं ते माझ्यासमोर म्हणाले आणि पोरगी नुसती खाली बघत राहिली.

मी तिघांना एवढंच विचारलं, ही सगळी माहिती एकत्र कुठं लिहिलेली आहे? जरा वेळानं आईच म्हणाली, बायोडेटा. फोटो, जन्मवेळ, देवक, मामांची नावं-गावं, घरचा पत्ता, आणि फोन नंबर मुलीचाच. स्थळं बघायच्या चार व्हॉट्सॲप ग्रुपांवर आईनंच टाकलेला, तिथनं निपाणी, गडहिंग्लज, कोल्हापूर कुठंकुठं गेला कुणास ठाऊक. ती रडायला लागली. मी म्हटलं काकी, चूक मेसेज करणाऱ्याची आहे, तुमची नाही आणि हिची तर अजिबात नाही. हे वडिलांनी ऐकणं मला फार गरजेचं वाटत होतं.

नंबर लगेच बदलू नका म्हटलं. चॅट डिलीट करायचं नाही, नंबर, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढायचे, खोट्या अकाऊंटची लिंक कॉपी करून ठेवायची, रिपोर्ट त्यानंतर. आणि त्याला एकदाच स्पष्ट लिहायचं, "मला मेसेज करू नका." पुढं एक अक्षर नाही, वाद नाही, विनवणी नाही. कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये बाईनं स्पष्ट नको म्हटल्यावरही पुरुषानं परत परत संपर्क करणं हा गुन्हा आहे, पहिल्या वेळी 3 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि तो नकार लेखी असला की पुरावा होतो.

वडिलांचं म्हणणं, तक्रार कन्नडातून लिहायला लागणार, आपल्याला कुठं जमतंय. ही अडचण आपल्याकडच्या बऱ्याच घरांत ऐकते मी, आणि त्यापायी लोक गप्प बसतात याचं फार वाईट वाटतं. राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर इंग्लिशमधून तक्रार करता येते, मुलगी बीकॉम झालेली, तिनंच माझ्यासमोर बसून भरली. 1930 हा सायबर हेल्पलाईनचा नंबर मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, तेही सांगितलं.

मग घरच्यांची कामं. बायोडेटा ज्या ज्या ग्रुपवर होता तिथल्या ॲडमिनना सांगून काढायला लावला, नवीन केला त्यात शिक्षण, नोकरी, तालुका आणि मोठ्या काकांचा नंबर एवढंच. सगळ्यांचा डीपी फक्त कॉन्टॅक्टना दिसेल असा केला, चुलत बहिणींनीपण केला, कारण एकीचं अकाऊंट उघडं राहिलं तरी सगळं घर दिसतं. खोटं अकाऊंट सात-आठ जणांनी मिळून रिपोर्ट केलं, ते गेलं.

फोन वडिलांनी स्वतः तिच्या हातात दिला. मेसेज थांबलेत. पण अनोळखी नंबर वाजला की तिच्या छातीत अजून धडधडतं, त्यासाठी ती पंधरा दिवसांनी येते, आता एकटीच.