घोट्याला संधिवात झालाय, आता चालणं बंद करायचं का?

तुम्ही लिहिलंय की वय ५२, पूर्वी घोट्याचं हाड मोडलं होतं, आता एक्स-रेत संधिवात निघालाय आणि घरचे म्हणतात पाय जमिनीला टेकवूच नका. मी डॉक्टर नाही, रुग्ण आहे. माझा घोटा मोडला त्याला १४ वर्षं झाली आणि गेली ५ वर्षं हेच दुखणं घेऊन वावरतेय. म्हणून आधी एवढंच सांगते, की चालणं सोडू नका. पाय बसवून ठेवला की पोटरी आखडते, स्नायू बारीक होतात, आणि आधार गेलेला सांधा आणखी दुखतो. मी ३ महिने ही चूक केली, पुढचे ६ महिने ती भरून काढण्यात गेले.

गुडघा वयाबरोबर झिजतो तसा घोटा सहसा झिजत नाही. घोट्याचा संधिवात असलेल्या बहुतेकांना आधी कधीतरी फ्रॅक्चर झालेलं असतं, नाहीतर पाय वारंवार मुरगळलेला असतो. घोट्यात हाडांच्या टोकांवर असलेला कूर्चेचा गुळगुळीत थर जेमतेम १-२ मिलिमीटरचा. हाड जुळताना आतला पृष्ठभाग किंचित जरी वरखाली राहिला तरी सगळा भार एकाच जागी येतो आणि तिथला कूर्चा घासत जातो. तेव्हा ‘मी कुठे काय चुकले’ असं मनाला लावून घेऊ नका.

खरा प्रश्न आहे तो नेमका कुठला सांधा दुखतोय हा. एका पायात २६ हाडं आणि तीसहून जास्त सांधे असतात. मी वर्षभर घोट्याच्या पुढच्या बाजूला मलम चोळत होते. मग एका डॉक्टरांनी साधं विचारलं, “उतारावर जास्त दुखतं की खडबडीत जमिनीवर?” उतरताना किंवा जिन्यावर घोट्याच्या पुढे कळ येत असेल तर बहुधा मुख्य घोटा. ओबडधोबड जमिनीवर पाय वाकडा पडताच बाहेरच्या अंगाला दुखलं तर घोट्याच्या खालचा सांधा. चवड्यावर उभं राहताना अंगठ्याच्या बुडाशी दुखलं तर तिथला. माझा निघाला खालचा! उपचारही त्यावरूनच ठरतात. एक्स-रे शक्यतो पायावर वजन देऊन, उभं राहून काढायला सांगा. झोपून काढलेल्या फिल्ममध्ये सांध्यातली फट आहे त्यापेक्षा मोठी दिसू शकते.

आणि हा झिजेचाच संधिवात आहे ना, हेही पक्कं करून घ्या. दोन्ही पायांचे लहान सांधे सुजत असतील आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल तर आमवाताची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते त्या संधिवाताची, तपासणी हवीच, कारण त्यात रोगाला आवर घालणारी औषधं आहेत आणि ती लवकर सुरू झाली तर सांधे वाचतात. रात्रीत अंगठा लालबुंद होऊन चादरीचा स्पर्शही सोसवत नसेल तर युरिक अ‍ॅसिडचा संशय घ्यायचा. मधुमेह असेल आणि पाय एकदम गरम, लाल, सुजलेला झाला, तर दुखत नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मला सर्वांत जास्त फरक पडला तो बुटांनी. बूट दोन्ही हातांत धरून मधोमध वाकवून बघा. कापडासारखा दुमडला तर तो आपल्या कामाचा नाही. टाचेचा कप घट्ट हवा, तळ कडक हवा, आणि तो खालून झुलत्या खुर्चीच्या पायासारखा किंचित गोल असेल तर उत्तम. त्यावर पाऊल आपोआप पुढे लोळतं, घोट्याला आणि अंगठ्याला कमी वाकावं लागतं. लांब चालायचं असेल तेव्हा मी वर घोट्याचा पट्टा बांधते. घरातही अनवाणी फिरत नाही.

रोज भिंतीला हात टेकून पोटरी ताणते, ३० सेकंद, ३ वेळा. सायकल आणि पोहणं सांध्याला सोपं जातं. आज जे केलं त्याने उद्या सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखलं, तर तेवढं कमी करायचं. वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी पायाला कळतं, कारण चालताना घोट्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचं जेल लावून बघायला हरकत नाही. त्याच्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नका. पोट, किडनी, रक्तदाब, सगळ्यांशी त्यांचा संबंध येतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे ते काही महिने आराम पडतो, झीज भरून येत नाही.

ऑपरेशन या सगळ्यानंतर. घोट्यासाठी मुख्य पर्याय दोन. एक म्हणजे सांध्यातली दोन्ही हाडं स्क्रूने कायमची जोडून टाकणं. दुखणं बहुधा थांबतं, सांध्याची हालचाल जाते, आणि पुढे वर्षानुवर्षं शेजारच्या सांध्यांवर ताण येतो. दुसरा म्हणजे कृत्रिम सांधा. त्यात हालचाल राहते, पण तोही झिजतो आणि पुढे बदलावा लागू शकतो. सिगारेट ओढत असाल तर हाड जुळायला अडचण येते, ती आधी बंद करावी लागेल.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना रोजचे जुने बूट पिशवीत घालून न्या. तळ कोणत्या कडेला झिजलाय ते बघून माझ्या फिजिओथेरपिस्टने आतला सोल बदलायला लावला, आणि त्याच आठवड्यात मी कठडा न धरता जिना उतरले.