एकटेपणावर विद्यार्थी-प्रकल्प करायचा आहे. अ‍ॅपच बनवावं लागतं का?

मुळीच नाही. एकटेपणावर आणखी एक अ‍ॅप म्हणजे आगीत तेल! त्यापेक्षा ‘गुड नाइट लॅम्प’ बघा. इटलीत इव्रेया इथे इंटरॅक्शन डिझाइन (माणूस वस्तू आणि यंत्रं कशी वापरतो, याची रचना) शिकताना अलेक्झांड्रा देशाँ-सोन्सिनो यांनी २००५ मध्ये ही कल्पना मांडली. घराच्या आकाराचा एक मोठा दिवा, आणि त्याला जोडलेले छोटे दिवे दूरच्या माणसांकडे. मोठा लावला की जगात कुठेही असलेला छोटा आपोआप लागतो. बस्स. आई घरी पोचली एवढंच कळतं, आणि उत्तर द्यायची सक्ती नाही. खरी खुबी तिथे आहे.

तुम्ही स्केचिंगच्या आधी तीन-चार एकट्या माणसांसोबत एकेक संध्याकाळ काढा. प्रश्नावली मात्र वाटू नका, ‘मला एकटं वाटतं’ असं कागदावर सहसा कोणी लिहीत नाही.