नातवाचं डिस्नेलँड परवडेल, नातवाची पॉलिसी नाही

चिंचवडहून एका वाचकांचं पत्र आलंय. वय ६०, जूनमध्ये भोसरीतल्या कारखान्यातून निवृत्त झाले. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि जुन्या एफडी मिळून हाताशी ६८ लाख. पेन्शन महिना ५ हजार, घरखर्च ४० हजार. घर स्वतःचं, कर्ज नाही. मुलगी-जावई कॅलिफोर्नियात, सॅन होजेजवळ. नातू दहा महिन्यांचा, डिसेंबरात त्याचा पहिला वाढदिवस. त्यासाठी काका-काकू १२ नोव्हेंबरला निघतायत. तिथे गेल्यावर सगळ्यांना स्वतःच्या खर्चाने तीन दिवस अ‍ॅनाहाइमच्या डिस्नेलँडला न्यायचं काकांच्या मनात आहे. अंदाज साडेचार हजार डॉलर, म्हणजे चारेक लाख. एवढ्याशा बाळासाठी ही उधळपट्टी होईल का, असं ते विचारतात. आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता: ‘नातवाच्या शिक्षणाची सोय मात्र आधीच केली आहे. बँकेतल्या मॅडमनी गॅरंटीड प्लॅन दिला. वर्षाला ३ लाख, १० वर्षं भरायचे. विसाव्या वर्षी ६० लाख, करमुक्त. म्हणजे दुप्पट! कागद ९ तारखेला घरी आले.’

काका, ती ९ तारीख लिहिलीत हे फार बरं केलंत. विमा पॉलिसीचे कागद हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात, आणि मॅडमनी ते सांगितलेलं नसणार. तुमची मुदत ८ नोव्हेंबरला संपते. त्या दिवशी दुसरा शनिवार, बँक बंद. तुमचं विमान त्यानंतर चार दिवसांनी. म्हणून हे उत्तर छापून येण्याची वाट न पाहता मी तुम्हाला फोन केला होता.

आता ‘दुप्पट’ बघू. ३० लाख भरायचे, ६० मिळायचे, पण वीस वर्षांनी. व्याजाचा दर काढला तर साडेचार टक्के पडतो. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना आज ८.२ टक्के देते, आणि तिथे खातं उघडलं की तो दर पाच वर्षं हलत नाही. व्याजदर पडणार आहेत अशी भीती घालून तुम्हाला वीस वर्षांसाठी साडेचार टक्क्यांत बांधून टाकलं. करमुक्तीचं कौतुक तुमच्या काय कामाचं? तुमचं सगळं उत्पन्न मिळून वर्षाला सहा लाखांच्या आत. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत तसाही कर लागत नाही.

खरी गंमत पुढे आहे. शिक्षणाच्या या पॉलिसीचे पैसे येतील तेव्हा नातू एकवीस वर्षांचा असेल. कॉलेजात प्रवेश अठराव्या वर्षी घेतात. शिवाय पोरगं अमेरिकेत वाढणार, फी डॉलरमध्ये भरणार. महागाई सहा टक्के धरली तर वीस वर्षांनंतरचे ६० लाख म्हणजे आजचे एकोणीसेक लाख. कॅलिफोर्नियातल्या सरकारी विद्यापीठात राहण्या-जेवणासकट एक वर्षही त्यात निघणार नाही. शिक्षणासाठी तिथे ५२९ नावाचं खातं असतं. ते मुलीने उघडावं, महिन्याला शे-दोनशे डॉलर टाकावेत. डॉलरच्या खर्चाची तरतूद डॉलर कमावणाऱ्यांनी करायची. तुम्ही रुपयांत निवृत्त झालात.

आणि हप्ते भरणार कशातून? पगार बंद झालेल्या माणसाला दहा हप्त्यांची पॉलिसी विकणं याला मी सल्ला म्हणत नाही. पेन्शन वजा जाता तुम्हाला वर्षाला ४ लाख २० हजार लागतात. खर्च दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढेल आणि पैशावर साडेसात टक्के सुटतील असं धरलं, तर ६८ लाख तुमच्या एकोणऐंशीव्या वर्षापर्यंत पुरतात. यातून वर्षाला ३ लाख पॉलिसीत घाला, की हाच पैसा त्र्याहत्तराव्या वर्षी संपतो. पॉलिसी पिकणार ऐंशीव्या वर्षी. मधली सात वर्षं काय करणार, मुलीकडे हात पसरणार? काकू तुमच्याहून तीन वर्षांनी लहान आहेत, हेही तुम्हीच लिहिलंय.

डिस्नेचे चार लाख मात्र याच गणितातून साधारण सव्वा वर्षच कमी करतात.

तेव्हा उद्या सकाळी अर्ज लिहा: फ्री लूक मुदतीत पॉलिसी रद्द करून रक्कम खात्यात जमा करावी. अर्ज विमा कंपनीच्या नावाने. सोबत मूळ पॉलिसी, रद्द केलेला चेक, ओळखपत्राची प्रत. जमलं तर कंपनीच्याच शाखेत द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या, वर ईमेलही करा. मॅडम चहा पाजतील, ‘मी बघते, तुम्ही निवांत अमेरिकेला जाऊन या’ म्हणतील. चहा प्या, पण शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि विमा चालू होता तेवढ्या दिवसांचा खर्च कापून बाकी पैसे परत मिळतात. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार करा, आणि त्यानेही हललं नाही तर पुण्यातच विमा लोकपालांचं कार्यालय आहे. पैसे आले की ज्येष्ठ नागरिक योजनेत ३० लाख ठेवा. दर तिमाहीला ६१,५०० हातात येतील, म्हणजे महिन्याच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त. उरलेल्या रकमेचं तुम्ही परत आल्यावर बसून ठरवू, त्याची घाई नाही.

राहिलं डिस्नेलँड. जा, पण तीन दिवस कशाला? वर्षाचं बाळ दुपारी दोन तास झोपणार आणि रात्रीच्या आतषबाजीला घाबरून रडणार. स्पेस माउंटन या राइडला ४० इंच उंची लागते, तुमचा राजा अजून ३० इंचांच्या आसपास असेल. डंबो आणि ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’सारख्या राइड्सना उंचीची अट नाही, तिथे आजीच्या मांडीवर बसून जाईल. मेन स्ट्रीटच्या टोकाला बाळांसाठी वेगळी जागा आहे, भरवायला आणि कपडे बदलायला. हे सगळं एका दिवसात होतं. तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, म्हणजे डिसेंबर २०२७ पर्यंत नातू फुकट. अडीच वर्षांचा झाल्यावर पुन्हा न्या, तेव्हा मिकीला बघून टाळ्या तरी पिटेल.

तिकिटाचा भाव तारखेप्रमाणे बदलतो. नाताळच्या आठवड्यात जाऊ नका, डिसेंबरच्या सुरुवातीचा एखादा मंगळवार-बुधवार धरा. चौघांच्या एका दिवसाच्या तिकिटांचे सहाशे डॉलर धरले तर ५०-५५ हजार झाले. ते तुमच्याकडून, वाढदिवसाची भेट म्हणून. हॉटेल आणि पेट्रोल जावयाकडे, त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. खाणं आणि नातवाची मिकीच्या कानांची टोपी धरून लाखाच्या आत बसवा. वाचलेल्या पैशांतून आधी दोघांचा अमेरिकेचा प्रवास विमा घ्या. काकूंना मधुमेह आहे ना, मग जुन्या आजाराचा अचानक त्रास झाला तर खर्च मिळतो का, हे पॉलिसीत स्वतः वाचून घ्या. आणि तो विमा त्याच बँकेतून घेऊ नका.