‘क्रम्ब’ मागतं, म्हणून कुलूप काढू नका

प्रश्न : व्हीएस कोड या एडिटरमध्ये जेनकिन्सचं (कोड आपोआप बांधून तपासणारा सर्व्हर) पाइपलाइन लिंटर, म्हणजे त्या कामाच्या पायऱ्या लिहिलेल्या ‘जेनकिन्सफाइल’मधल्या चुका शोधणारं साधन, जोडणारं एक्स्टेन्शन टाकलंय. पत्ता, युजरनेम, पासवर्ड सगळं भरलं. ब्राउझरमध्ये त्याच पासवर्डने लॉगिन होतं. एडिटरमधून जेनकिन्सफाइल तपासायला गेलं की ४०३ (परवानगी नाही) हा एरर आणि ‘नो व्हॅलिड क्रम्ब’. टीममधले म्हणतात, सर्व्हरवरचं सीएसआरएफ संरक्षण (दुसऱ्या साइटने आपल्या नावाने खोटी विनंती पाठवू नये म्हणून असलेला पहारा) बंद कर. करू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नका करू, ताई. एका एडिटरच्या सोयीसाठी अख्ख्या सर्व्हरचं दार उघडं राहील.

तुमचा पासवर्ड बरोबर आहे. चुकीचा असता तर ४०१ आला असता. अडलंय ते क्रम्बपाशी, म्हणजे विनंती खरोखर तुमचीच आहे हे पटवायला सर्व्हर देतो त्या छोट्या खुणेपाशी. २०१९ पासून जेनकिन्स क्रम्ब त्या-त्या सेशनशी (सर्व्हरशी चाललेल्या त्या एका भेटीशी) बांधतं. लोकलच्या पासवर ओळखपत्राचा नंबर असायचा ना, तसंच. ब्राउझर सेशनची कुकी (ओळखीची चिठ्ठी) जपून ठेवतो, म्हणून तिथे चालतं. एक्स्टेन्शनने क्रम्ब एका विनंतीत आणला आणि कुकीशिवाय दुसऱ्या विनंतीत दिला, तर सर्व्हर तो नाकारणारच.

पासवर्डाच्या जागी एपीआय टोकन (प्रोग्रामांनी वापरायची वेगळी किल्ली) द्या, म्हणजे क्रम्बच लागत नाही. जेनकिन्समध्ये वर उजवीकडे आपल्या नावावर क्लिक करा. तिथे ‘सिक्युरिटी’त (जुन्या आवृत्तीत ‘कॉन्फिगर’मध्ये) नवं टोकन तयार करा. ते एकदाच दिसतं, लगेच कॉपी करून घ्या. एक्स्टेन्शनच्या सेटिंगमध्ये युजरनेम तेच ठेवा, क्रम्बच्या पत्त्याची चौकट रिकामी सोडा. लिंटरचा पत्ता ‘/पाइपलाइन-मॉडेल-कन्व्हर्टर/व्हॅलिडेट’ने संपतो (टाइप करताना अर्थात रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत). तुमचं जेनकिन्स ‘/जेनकिन्स’ अशा उपपत्त्यावर चालत असेल, तर तो तुकडाही मध्ये हवा. हा हमखास राहून जातो.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. टोकन प्रोजेक्टच्या ‘.व्हीएसकोड’ फोल्डरमध्ये ठेवू नका, स्वतःच्या युजर सेटिंगमध्ये ठेवा. माझ्या एका जुन्या नोकरीत ते फोल्डर टोकनसकट गिटवर (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) गेलं होतं. पुढच्या कमिटमध्ये ओळ पुसली, तरी इतिहासात ती राहिलीच. अखेर टोकन रद्द केलं, आणि त्यावर चालणारी प्रत्येक स्क्रिप्ट शोधत आम्ही रात्रभर बसलो. तेव्हापासून मी प्रत्येक साधनासाठी वेगळं टोकन काढतो आणि त्याला त्या साधनाचंच नाव देतो. एक रद्द केलं तरी बाकीची चालू राहतात.

जोडणी झाली की ‘जेनकिन्सफाइल सक्सेसफुली व्हॅलिडेटेड’ अशी ओळ दिसेल. फक्त हा लिंटर डिक्लेरेटिव्ह (‘पाइपलाइन’ने सुरू होणारी, ठरलेल्या साच्यातली) पाइपलाइनच तपासतो. तुमची फाइल ‘नोड’ने सुरू होणारी स्क्रिप्टेड असेल, तर तो चूक दाखवेल; तेव्हा टोकन बदलत बसू नका.