एन्सेफलायटिसनंतर मुलगा पहिल्यासारखा कधी होणार? आमच्या सहा वर्षांवरून सांगते

ताई, तुमचं सगळं वाचलं. सात वर्षांचा मुलगा, अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस (शरीराच्याच अँटीबॉडी मेंदूवर उलटून येणारी मेंदूची सूज), दीड महिना अ‍ॅडमिट, घरी येऊन तीन महिने झाले, चालतो जेवतो पण बोलणं दोन-तीन शब्दांच्या पुढं जात नाही, बारा बारा तास झोपतो, जरा मनाविरुद्ध झालं की हात उगारतो. आणि तुम्ही विचारताय की पहिल्यासारखा कधी होणार आणि जूनला शाळेत पाठवू का.

शाळेचं आधी सांगते. पूर्ण वेळ नको. का ते खाली येतंच.

आमची लेक २०१९ च्या श्रावणात आजारी पडली, तेव्हा आठ वर्षांची होती, तिसरीत. आधी झोप गेली, मग असंबद्ध बडबड, मग फिट. पहिले नऊ दिवस एका डॉक्टरांनी मानसिक म्हणून गोळ्या दिल्या आणि सासरकडच्यांनी बाहेरचं काहीतरी म्हणून अंगारा लावला, दोन्ही झालं. पाठीतल्या पाण्याच्या तपासणीत अँटीबॉडी सापडली. मिथाइलप्रेड हे स्टेरॉइड पाच दिवस, मग आयव्हीआयजी (रक्तदात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडी शिरेतून देतात ते), किलोला दोन ग्रॅम, वजन २४ किलो म्हणून ४८ ग्रॅम, त्यासाठी पाच ग्रॅमच्या दहा बाटल्या लागल्या, (त्या बाटल्यांसाठी मोडलेल्या पाटल्या अजून परत केल्या नाहीत, असो) आणि त्यानंही फार फरक नाही म्हणून रिटुक्सिमॅब, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध.

आता तीन महिन्यांबद्दल. हा आजार २००७ मध्ये डॉ. दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखला, म्हणजे फार जुना नाही, आणि सगळ्यात मोठा अभ्यास २०१३ चा, ५७७ पेशंटचा, त्यात लहान मुलंही बरीच होती. त्यात दोन वर्षांनी साधारण ८० टक्के पेशंट 'चांगले' झाले आणि सुधारणा दीड वर्षापर्यंत चालू होती. हा आकडा डॉक्टर तुम्हाला सांगतीलच, मलाही सांगितला आणि मी वर्षभर तो उराशी धरून बसले. पण त्या मोजपट्टीत 'चांगला' म्हणजे स्वतःचं स्वतः करू शकतो इतकंच. पूर्वी जमायचं ते सगळं आता जमत नसलं तरी माणूस 'चांगल्या'तच धरतात. तिसरीचं गणित, मैत्रिणींशी भांडून परत गट्टी करणं, हे त्यात कुठंच नाही. आमची मुलगी सहाव्या महिन्यात त्या हिशोबानं 'चांगली' होती आणि सातचा पाढा सात चोक अठ्ठावीसच्या पुढं जात नव्हता. आजारपणाच्या आधी वीसपर्यंत पाढे घडाघडा म्हणायची हो.

जाताना हा आजार बराचसा उलट्या क्रमानं जातो. श्वासाचा आणि बीपीचा त्रास, ते तोंडाचे विचित्र चाळे आधी थांबतात, मग बोलणं येतं, आणि वागणं, समज, राग आवरणं सगळ्यात शेवटी. आमच्याकडं बोलणं आलं तेही आधी प्रतिध्वनीसारखं, "पाणी हवं का?" विचारलं की "हवं का" म्हणायची, आपणहून "आई, पाणी" म्हणायला अजून पाच आठवडे गेले. या टप्प्यात जास्त झोपणंही नेहमीचंच. चिडचिडीचं मात्र एक विचारून घ्या, फिटसाठी लेव्हेटिरासिटाम चालू आहे का? त्या गोळीनं काही मुलं फार चिडकी होतात, आमची झाली होती, डॉक्टरांनी हळूहळू बदलून दिल्यावर पंधरा दिवसांत फरक. आपल्या मनानं बंद करू नका, फिट परत येऊ शकते. स्टेरॉइड चालू असेल तर भूक आणि चंद्रासारखा चेहरा धरूनच चाला, ते उतरतं.

खरं अवघड सुरू होतं ते मूल दिसायला ठीक झाल्यावर. तोपर्यंत सगळे समजून घेतात, मग म्हणायला लागतात आळशी झाली, लाडावली. आम्ही घरी झब्बू खेळायचो, तिला नियम सगळे आठवायचे पण चौथ्या डावाला आपली पाळी आली हेच कळायचं नाही, पानं हातात धरून नुसती बघत बसायची. वाण्याकडं तीन वस्तू आणायला पाठवलं की एक यायची. लक्ष टिकत नाही आणि लवकर दमणं होतं, मुलांमध्ये वर्षानुवर्षं मागं राहणाऱ्या गोष्टी याच दोन, आणि यात सोंग नसतं. लॉकडाऊन लागलं ते खरं तर आमच्या पथ्यावर पडलं, सगळ्यांचीच शाळा घरी, तिसरी परत केली तरी कुणाला पत्ता नाही, पंचवीस मिनिटं झाली की कॅमेरा बंद करून ती आडवी. म्हणून म्हणते जूनला दीड-दोन तासांपासून सुरू करा, सकाळचे, आणि घरी आल्यावर झोपेपर्यंत ट्यूशन वगैरे काही नाही.

बोलणं बऱ्यापैकी आलं, साधारण वर्ष झालं की न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून (लक्ष, स्मरण, वेग तपासणारे मानसतज्ज्ञ) सविस्तर टेस्टिंग करून घ्या, नुसता आयक्यू नको. आमचा आयक्यू ९८ आला तर हेडमास्तर म्हणाले मग प्रॉब्लेम काय आहे? प्रॉब्लेम वेगात होता, येत सगळं होतं पण इतरांच्या दीडपट वेळ लागायचा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात दीर्घकालीन न्यूरोलॉजिकल आजार धरलेत, सर्टिफिकेट ४० टक्के किंवा वर निघालं तर परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. आमचं कमी भरलं, मग शाळेशी बोलूनच घटक चाचणीला जादा वेळ घेतला. तुमचा अजून लहान आहे, पण सगळे रिपोर्ट एका फाइलीत ठेवा.

लसींचं विचारून घ्या, आयव्हीआयजीनंतर गोवर-कांजिण्यासारख्या जिवंत लसी आम्हाला ११ महिने थांबवायला सांगितल्या होत्या, रिटुक्सिमॅब झालं असेल तर त्याचा हिशोब वेगळा.

आजार उलटायची भीती मलाही खायची. त्याच ५७७ पेशंटच्या अभ्यासात दोन वर्षांत साधारण १२ टक्क्यांना उलटला होता. तापात दोन दिवस सुस्त किंवा चिडका होणं वेगळं, पण ताप नसताना झोप उडाली, आलेलं बोलणं परत कमी झालं, नवी फिट आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आणि मूल सुधारत असताना रक्तातली अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नका, ती बरं झाल्यावरही बरेच दिवस दिसू शकते, डॉक्टर रिपोर्टपेक्षा मुलाकडं बघून ठरवतात.

लेक यंदा आठवीत आहे. गणित अजून हळू, शनिवारी दुपारी अजून झोपते, चित्रकला मात्र आजारपणाच्या आधी नव्हती ती आता आहे, कुठून आली देवास ठाऊक. पहिल्यासारखी झाली का, तर आठ वर्षांची होती तेव्हाशी आता चौदाव्या वर्षी तुलना कशी करू? मी एक शंभर पानी वही केली होती, रोज दोन ओळी, किती वाजता दमली, नवीन काय बोलली. रोज बघणाऱ्याला काही कळत नाही, तीन महिन्यांपूर्वीचं पान काढलं की कळायचं. डॉक्टरही तीच वही मागायचे.

तुमच्याकडं रिटुक्सिमॅब झालं का आणि फिटच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत तेवढं लिहा, म्हणजे पुढचं सांगता येईल.