पडका किल्ला, बारा खोल्या आणि लेव्हल २ लाच पेटती तलवार: आता पुढे काय करू?

तुमचा प्रश्न वाचला. पहिल्यांदाच डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) झालायत, चार मित्र आहेत, डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत गोष्ट रचत खेळायचा खेळ) पाचवी एडिशन, पडक्या किल्ल्याच्या बारा खोल्या काढल्यात आणि प्रत्येक खोलीत एकतर मारामारी नाहीतर पेटी. पाचव्या खोलीपर्यंत पोरांनी मोबाईल काढले, आणि वर फायटरला, म्हणजे लढवय्या पात्र खेळणाऱ्याला, लेव्हल २ ला, अगदी सुरुवातीलाच, पेटती तलवार मिळाली त्यामुळे आता त्याच्यापुढे काही टिकत नाहीये. तुम्ही हे दोन वेगळे प्रॉब्लेम म्हणून लिहिलंय पण मला तो एकच वाटतो. जागा तुम्ही एकीकडे बनवली आणि खजिना दुसरीकडून, फासे टाकून, आणून तिच्यात ठेवला. दोघांचा एकमेकांशी संबंधच नाही, मग प्लेयर्सना तरी पुढची खोली का उघडावीशी वाटेल.

मी सहा वर्षं झाली पुण्यात दर रविवारी टेबल चालवते. आता कुठेही काहीही ठेवायच्या आधी मी दोनच प्रश्न विचारते: हे इथे कोणी आणलं, आणि आजवर कोणी नेलं का नाही? पहिल्याचं उत्तर सुचतंच. दुसऱ्यावर अडायला होतं आणि खरी मजा तिथेच आहे, कारण त्याचं जे उत्तर असतं तोच तुमचा धोका, तेच कोडं, तीच ती खोली. समजा किल्ला पडला त्या रात्री पुजाऱ्याने देवीचा चांदीचा मुखवटा पाण्याच्या टाक्यात टाकला. नेला का नाही कोणी? कारण टाकं खांबांचं आहे, कातळात आत आत गेलेलं, बाहेरून चार हात दिसतं आणि पुढे मिट्ट काळोख, आणि गावातले दोघं उतरले ते वर आलेच नाहीत. आता पाण्यात काय आहे ते तुम्ही ठरवा. खोली, भीती, खजिना आणि गावाची गोष्ट, चारही एकदम तयार झालं आणि मुखवटा वर आला की तो कुणाला परत द्यायचा की विकायचा हा वादही फुकटात मिळाला.

जागेबद्दल सांगायचं तर आपल्याला शिकायला लांब जावं लागत नाही. राजगडाचा नकाशा समोर घेऊन बसा. मधे उंच बालेकिल्ला आणि त्याच्या तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या. वर यायला पाली दरवाजा, गुंजवणे दरवाजा, अळू दरवाजा आणि शिवाय चोरदरवाजा. बालेकिल्ल्यावर उभं राहिलं की तिन्ही माच्या खाली पसरलेल्या दिसतात. प्लेयर्सना असंच दिसायला पाहिजे: त्या माचीवर धूर निघतोय, दुसरीवर काहीच हालचाल नाही, तिसरीकडे तटाला भगदाड पडलंय. बोला, कुठे जाताय? तुमच्या बारा खोल्या एकामागे एक आहेत, म्हणजे निवडायला काहीच नाही, पुढचं दार उघडणं एवढंच. डी अँड डीसाठी साहसं लिहिणाऱ्या जेनेल जाक्वेजने १९७९ मध्येच अनेक तोंडांचं, वर्तुळात फिरणाऱ्या वाटांचं डंजन (साहस घडतं ती भुयारांची-खोल्यांची जागा) काढून दाखवलं होतं आणि आजही डीएम लोक तिचे नकाशे समोर ठेवून शिकतात. ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परत यावं लागत नाही, खालून चोरून वर जाता येतं, मागून येऊन दार आतून उघडता येतं, हे कळलं की टेबलवर लगेच कुजबूज सुरू होते आणि ती कुजबूज म्हणजेच खेळ.

एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली. खरा किल्ला बांधणारा माणूस वाटा कमी करायला बघतो. गोमुखी दरवाजा घ्या, दोन बुरूज असे वळवलेले की दार समोरून दिसतच नाही, हत्तीला धावत येऊन धडक द्यायला जागा नाही आणि वळणावर आलात की वरून मारा. देवगिरीला तर खंदक ओलांडला की अंधारी, कातळात कोरलेली बोगद्यासारखी चढती वाट, आणि तिच्या वरच्या टोकाला लोखंडी झाकण टाकून त्यावर जाळ करायची सोय. म्हणजे धडधाकट किल्ला जसाच्या तसा वापरलात तर प्लेयर्सपुढे एकच वाट राहते, जी तुमची झालीये. पण तुमचा किल्ला पडका आहे ना? मग पडझड हीच तुमची मदत. कुठे तट ढासळलाय, कुठे वडाच्या मुळांनी भिंत फोडलीये, कुठे छत खाली येऊन वरच्या कोठारातून खालच्या देवडीत उतरता येतंय. बांधणाऱ्याने बंद केलेली प्रत्येक वाट शंभर वर्षांत कशी उघडली असेल याचा विचार करत नकाशावर फिरा, चार-पाच आडवाटा आपोआप निघतील आणि त्या खोट्याही वाटणार नाहीत.

अंधारीचा विषय निघालाच आहे तर, दहावीच्या ट्रिपला आम्ही तिथे गेलो होतो आणि आमच्या गाईडने मधेच मशाल विझवली. पायऱ्यांची उंची सारखी नाही, म्हणजे पाय टाकला की कधी लगेच टेकतो कधी नाहीच टेकत, भिंतीला हात लावला तर ओलसर, वटवाघळांचा तो उग्र वास, आणि पुढची मुलगी तीन फुटांवर असून तिचा नुसता श्वास ऐकू येत होता. दोन मिनिटं असेल जेमतेम. त्या वाटेवर एकही राक्षस नव्हता आणि मला अजून ते सगळं आठवतं. म्हणून सांगते, बारातल्या निदान चार खोल्यांमध्ये लढाई नको. खोलीचं वर्णन करताना डोळ्यांना दिसणारी एक गोष्ट सांगा आणि नाकाला, कानाला किंवा पायाला कळणारी एक, आणि थांबा. चार वाक्यं झाली की पोरं ऐकायची बंद होतात.

आता बक्षिसं. १९७४ च्या पहिल्या नियमांत एक सोन्याचं नाणं बाहेर काढून आणलं की एक एक्सपी (अनुभवाचा गुण, ते साठले की लेव्हल वाढते) मिळायचा, त्यामुळे लोक मारामारी टाळून खजिना कसा पळवायचा याचा विचार करायचे. पाचव्या एडिशनमध्ये तसं राहिलं नाही, लेव्हल लढाईतून किंवा गोष्टीच्या टप्प्यावर मिळते, म्हणून सोनं नुसतं पात्राच्या शीटवरचा आकडा होऊन बसतं. त्यावर माझा उपाय म्हणजे खजिन्याला वजन द्यायचं, अगदी खरंखुरं वजन. नियमांप्रमाणे ५० नाणी म्हणजे एक पाउंड. मी एकदा धान्यकोठारातल्या रांजणांमध्ये २०,००० तांब्याची नाणी ठेवली, गडाच्या शिबंदीचा पगार, वाटायच्या आधीच किल्ला पडला. किंमत फक्त २०० गोल्ड, पण वजन ४०० पाउंड, म्हणजे १८० किलोच्या आसपास. नेलं का नाही कोणी? कारण महादरवाजा दगडांनी बुजलाय आणि उरली ती दोर लावून उतरायची वाट. माझ्या टेबलने त्या तांब्यावर पूर्ण सव्वा तास घालवला. कपडे फाडून पिशव्या, तुटक्या रहाटाची कप्पी, दोर पुरतोय का याचा हिशोब, आणि शेवटी बार्डवाली, म्हणजे भाटाचं पात्र खेळणारी, म्हणाली की खालच्या माचीवर ते गोब्लिन आहेत ना, त्यांना हमाली देऊ. चौथा हिस्सा ठरला. ज्यांच्याशी मी लढाई तयार करून आणली होती त्यांच्याबरोबर माणसं उकिडवी बसून घासाघीस करत होती, आणि त्या गोब्लिनांचा म्होरक्या पुढे दीड वर्ष आमच्या गोष्टीत राहिला. एवढं कुठल्याही जादूच्या अंगठीने मला दिलं नाही.

आणि बक्षीस म्हणजे वस्तूच असं नाही. आपल्याकडे पराक्रम केला की मानाची वस्त्रं मिळायची, सोन्याचं कडं मिळायचं, इनाम जमीन मिळायची. तेच वापरा. गावाने घाटातल्या जकातीचा हिस्सा दिला तर प्लेयर्स त्या घाटाची काळजी आपणहून करतील, तुम्हाला पुढचं साहस गळ्यात मारावं लागणार नाही. चोरदरवाजाची किल्ली हे पण बक्षीसच, ती पहिल्या दिवशी मिळाली आणि दरवाजा तिसऱ्या सेशनला सापडला तर तोवर ती प्रत्येक कुलपात घालून बघतात.

राहिली तलवार. ती काढून घेऊ नका, चोर पाठवू नका, हे कळकळीने सांगते, पोराला ती आवडलीये आणि काढून घेतलीत तर तो तुमच्या कुठल्याच खजिन्यावर विश्वास ठेवणार नाही. चूक एवढीच झाली की ती वस्तू रेअर, म्हणजे दुर्मिळ वर्गातली, आहे आणि २०१४ च्या नियमपुस्तकाप्रमाणे रेअर वस्तू साधारण लेव्हल ५ पासून द्यायच्या असतात. दर फटक्याला २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) आगीचं जास्तीचं डॅमेज म्हणजे लेव्हल २ ला फारच झालं. पण त्याच नियमात लिहिलंय की पेटली की ती ४० फूट लख्ख उजेड पाडते आणि त्यापुढे आणखी ४० फूट मंद. काळोख्या किल्ल्यात एवढा उजेड म्हणजे सगळ्यांना कळलं तुम्ही कुठे आहात ते. शिवाय सुक्या गवताने भरलेलं कोठार आहे, बुरुजाच्या वळचणीला आग्या मोहोळ आहे, गडावर धूर केला की काय होतं ते ट्रेक करणाऱ्या कुणालाही विचारा. तिथे फायटर स्वतःहून तलवार विझवेल आणि तो निर्णय त्याचा असेल. उलट एका ठिकाणी तिला मनसोक्त चमकूही द्या: लेव्हल ४-५ ला ट्रोल नावाचा राक्षस आणा, त्याच्या जखमा दर फेरीला भरून येतात आणि आग किंवा ॲसिड लागलं तरच ते भरणं थांबतं, त्या दिवशी सगळं टेबल फायटरकडे बघेल.

आणि तेच दोन प्रश्न तलवारीला पण लावा, अजून वेळ गेलेली नाही. ती पेटायला एक शब्द उच्चारावा लागतो. तो शब्द कुणाचा होता? समजा शेवटच्या किल्लेदाराच्या मुलीचं नाव. उरलेल्या सात खोल्यांपैकी एका खोलीत भिंतीवर तेच नाव लहान मुलाच्या अक्षरात कोरलेलं सापडू दे, बाकी काही नको, पेटी नको, राक्षस नको. फायटर ते नाव मोठ्याने वाचेल, आणि हातातली तलवार पेटेल.