थोरल्याला आजोळी पाठवू का?

"पोटाला हात लावायला आलाय असं वाटलं मला. आणि हातातली कांडी फाडदिशी पोटावर मारली बघा त्यानं."

सल्ला विचारायला आलेली ही बेळगावच्या वडगावातल्या एका विणकर घरातली सून. सातवा महिना संपत आलेला, थोरला मुलगा दोन वर्षं चार महिन्यांचा. (ओळख पटू नये म्हणून घराचे काही तपशील बदलले आहेत.) नवरा यंत्रमागावर, सासूबाई दारात बसून कांड्या, म्हणजे मागाच्या सुताच्या नळ्या, भरतात, आणि त्यातलीच एक पोराच्या हातात आलेली. तक्रार एका मारण्याची नव्हती. महिनाभर तो बोचकारतो. दोन महिने शू सांगत होता, ते बंद होऊन दिवसाला तीन-चार चड्ड्या ओल्या. ज्या आजीजवळ बिनघोर झोपायचा तिच्याकडे आता बघतही नाही, आईचा पदर सोडत नाही. "रोज रडूलालाय. आणि माझ्याकडूनही आता होईना."

घरात ठरलं होतं की त्याला खानापूर तालुक्यातल्या तिच्या माहेरी पाठवायचं. बाळंतपण होऊ दे, बारसं होऊ दे, सव्वा महिना जाऊ दे, मग आणू. तिनं बोटावर मोजलं, साडेतीन महिने होत होते. पाठवू का, एवढंच तिला विचारायचं होतं. पण त्याआधी दुसरा एक प्रश्न तिच्या तोंडावर दिसत होता, तो आधी घेतला: पोटातल्या बाळाला लागलं असेल का?

गर्भाशयाच्या जाड भिंतीच्या आत, पाण्यात बाळ असतं. अडीच वर्षांच्या मुलाचा हात, झोपेतली लाथ किंवा हलकी लाकडी कांडी तिथपर्यंत पोचत नाही. पोटात दुखायचं थांबत नसेल, अंगावर रक्त जात असेल, पाणी गेल्यासारखं वाटत असेल किंवा बाळाची हालचाल कमी झाली असेल, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, उद्यावर टाकायचं नाही. तिला यातलं काहीच नव्हतं, बाळ नेहमीसारखं फिरत होतं. तरी जवळच्या आरोग्य केंद्रात एकदा ठोके ऐकून घ्यायला सांगितलं, कारण ही भीती मनात असेल तर आई पोराला जवळ घेताना प्रत्येक वेळी अंग चोरते, आणि पोराला ते लगेच कळतं.

मग कालचा दिवस उठल्यापासून निजेपर्यंत सांगायला सांगितला, तासातासाचा. त्यात सगळं सापडलं.

सकाळी उठल्या उठल्या "घे" म्हणाला, तर "उचलायचं नाही, बाळाला लागंल". जेवताना मांडीवर चढला, तर "उतर, बाळ दबंल". दुपारी अंगावर लोळला, तर "बाळ झोपलंय आत". शेजारच्या काकूंनी दारातून हाक मारली, "काय रे, लाड संपले आता तुझे! आई आता बाळाची!" आणि सगळे हसले. एका दिवसात असं अकरा वेळा झालं, हे तिचं तिलाच मोजताना कळलं. दोन वर्षांच्या मुलाला पोटात बाळ म्हणजे काय हे समजत नाही. ते कुणाच्या नावावर आपली मांडी गेली, हे मात्र त्याला पक्कं समजतं. कांडी मारली ती आईला नव्हती.

त्यात त्याच महिन्यात अंगावरचं दूध एका दिवसात सोडवलं होतं, कडुनिंबाचा पाला वाटून लावून. अंथरूण आजीकडे हलवलं. आत्यानं शू-शीची शिस्त कडक केली. आणि अंगणवाडीत बसवायला सुरुवात झाली. या चारही गोष्टी एकेकट्या काही वाईट नाहीत, पण एकाच महिन्यात चारही झाल्या तर मोठ्या माणसाचंही डोकं फिरेल.

म्हणून पहिला बदल एका वाक्याचा केला. "बाळाला लागेल" हे वाक्य घरातून बंद. त्याऐवजी, "माझी पाठ दुखते. मी खाली बसते, तू ये." हे खोटंही नाही, सातव्या महिन्यात पाठ दुखतेच. नकाराचं कारण पाठीवर जातं, बाळावर येत नाही, आणि नकाराबरोबर मांडी मिळते. हे घरातल्या प्रत्येकानं बोलायचं, कारण आईनं शंभर वेळा सांभाळलेलं आजोबा एका वाक्यात घालवू शकतात. शेजारच्या काकूंसाठीही उत्तर तयार करून दिलं, पोराच्या देखत आणि हसतमुखानं द्यायचं: "लाड कशाला संपतील काकू? माझा थोरला आहे तो."

उचलण्याबद्दल बऱ्याच घरांत गैरसमज आहे. गरोदरपण ठीक चाललं असेल तर दहा-बारा किलोच्या मुलाला अधूनमधून उचलल्यानं बाळाला काही होत नाही. रक्तस्राव झालेला असेल, गर्भाशयातली वार (प्लासेंटा) खाली असेल किंवा डॉक्टरांनी मनाई केली असेल तर मात्र अजिबात नाही. एरवी कमरेतून वाकायचं नाही, गुडघे दुमडून खाली जायचं, पोराला छातीशी घट्ट धरून मग उठायचं. पोट बरंच पुढे आलं की तेही सोडावं आणि पोराला पाटावर, मग खाटेवर चढायला शिकवून शेजारी बसवावं. स्वतः चढून आला की त्याला निम्मं समाधान त्यातच मिळतं.

दुधाचं झालं ते झालं होतं, परत सुरू करायला सांगितलं नाही. पण ज्यांचं अजून बाकी आहे त्यांनी एका दिवसात तोडू नये. एक वेळचं पाजणं बंद केलं की चार-पाच दिवस जाऊ द्यायचे, मग दुसरं. दिवसाचं आधी, रात्रीचं सगळ्यात शेवटी. पाला लावून तोडलं की आईच्या छातीत दूध साठून गाठी येतात आणि पोराला वाटतं आईच कडू झाली. या मुलाला आम्ही दुधाच्या जागी दुसरं काहीतरी दिलं: रात्री झोपताना आईनं कुशीवर वळायचं, मध्ये उशी घ्यायची, म्हणजे पोटाला लाथेची भीती नाही, आणि त्याच्या कानामागं बोट फिरवत राहायचं. दूध पिताना तो स्वतः तेच करायचा, आईच्या कानाशी खेळायचा. आठव्या दिवशी मागणं थांबलं. अंथरूण पुन्हा आईजवळ आणलं. शू-शीची शिस्त थांबवली, ओल्या चड्डीवर एक शब्द बोलायचा नाही. अंगणवाडी मात्र वेगळ्या तऱ्हेनं चालू ठेवली. कर्नाटकात मातृपूर्ण योजनेत २०१७ पासून गरोदर बाईला अंगणवाडीत दुपारचं गरम जेवण मिळतं. ती जेवायला जातेच, तर त्याला एकट्याला बसवून येण्याऐवजी दोघांनी बरोबर जायचं, बरोबर जेवायचं आणि हात धरून परत यायचं. ती वाट म्हणजे त्याचा दिवसातला हक्काचा वेळ. फोन घरी ठेवायचा. आणि सकाळी कितीही त्रास दिलेला असला तरी "आज तुला नेत नाही" असं म्हणायचं नाही. ही वेळ शिक्षेत कापली की तिचा उपयोग संपतो.

आता आजोळ.

एवढ्या मुलाला आईपासून साडेतीन महिने दूर ठेवू नये, हे आमचं स्पष्ट मत आहे, आणि त्या दिवशीही आडपडदा न ठेवता सांगितलं. आजी-आजोबांच्या मायेत कमी असतं म्हणून नाही. पहिले काही दिवस पोर रडतं, दारात जाऊन बसतं. मग गप्प होतं, आणि घरचे म्हणतात "रुळला". बऱ्याचदा ते रुळणं नसतं, हाक मारून उपयोग नाही हे त्यानं मानलेलं असतं. आई भेटायला गेली की तोंड फिरवतं, तेव्हा कळतं. आणि परत येतो तेव्हा काय बघतो? त्याच्या जागेवर, त्याच्या आईजवळ दुसरं कोणी. आपल्याला का पाठवलं याचा त्यानं लावलेला अर्थ मग कुणी कितीही समजावलं तरी लवकर पुसत नाही.

रस्ते दोनच. आई माहेरी जाणार असेल तर त्यालाही बरोबर न्यायचं, तेही बाळंतपणाच्या महिना-दीड महिना आधी, म्हणजे घर, गोठा, आजीचा हात ओळखीचे होतील. नाहीतर आई इथंच राहील आणि माहेरचं माणूस इकडे येईल. या घरानं दुसरा धरला, तिची आई वडगावात येऊन राहिली. सासूबाईंना हे आधी पटलं नव्हतं. "सुनेच्या आईनं इथं राबायचं? लोक काय म्हणतील?" त्यांचं म्हणणं खोडून न काढता कामं वाटून दिली: बाळंतिणीचं आणि बाळाचं न्हाणं-शेकणं सासूबाईंकडे, थोरला माहेरच्या आजीकडे आणि बापाकडे. बापाला मागावरून सुट्टी घेणं परवडणारं नव्हतं, काम बंद तर मजुरी बंद. म्हणून सुट्टी मागितलीच नाही, कामावर जाण्याआधीचा पाऊण तास मागितला. पोराची आंघोळ आणि न्याहारी रोज त्यानंच करायची. पहिले चार दिवस पोरानं "आईच पाहिजे" म्हणून न्हाणीघर डोक्यावर घेतलं. पाचव्या दिवशी स्वतः टॉवेल घेऊन उभा राहिला.

दवाखान्यातल्या रात्रींची तयारीही आधीच हवी. साधं बाळंतपण असेल तर एक-दोन रात्री, सिझेरियन असेल तर चार-पाच. कळा मध्यरात्री सुरू झाल्या तर पोराजवळ कोण झोपणार, हे नावानिशी ठरवायचं. त्या माणसाजवळ पोरानं आधी आठवड्यातून दोन-तीन रात्री झोपलेलं असावं, आई शेजारच्या खोलीत असताना.

त्याला सांगायचं काय, हेही ठरवून दिलं. महिने त्याला कळत नाहीत, आकाशकंदील कळतो. "दिवाळी झाली, कंदील उतरवला, की बाळ येणार. ते खूप रडतं, दूध पितं, झोपतं." तुझ्याशी खेळायला भाऊ येणार, असं सांगायचं नाही. एक तर भाऊच येईल हे कुणाला माहीत, आणि येतं ते खेळत नाही, नुसतं रडतं. मग आपल्याला फसवलं असं पोराला वाटतं.

इथं दोन गोष्टी सगळ्याच घरांसाठी, कारण त्या जिवावरच्या आहेत. आशाताई देतात त्या लोहाच्या लाल गोळ्या पोराला चॉकलेटसारख्या दिसतात. थोड्या गोळ्या खाल्ल्या तरी लहान मुलाला लोहाची विषबाधा होते, जीवही जाऊ शकतो. उशीखाली, देव्हाऱ्यात, फडताळाच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका, कुलपात ठेवा. आणि बाळंतिणीच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी नको. तिचा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वास नसतो, आणि पोर पळत आलं की पहिला हात निखाऱ्यावर.

बाळ आलं, मुलगी झाली, तिसऱ्या दिवशी घरी. दारात पोर येईल तेव्हा आईचे हात रिकामे असावेत, बाळ दुसऱ्याकडे, हे आधी सांगितलं होतं. तो आला, आईच्या कानाला हात लावून बघितला, मग मागं वळून "हे कुणाचं?" म्हणाला.

सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीत थोरल्याला येऊ देत नाहीत, ही रीत सासूबाईंनी स्वतःहून सैल केली. हातपाय धुऊन आत यायचं, एवढाच नियम. तान्हं दिवसातून आठ ते बारा वेळा पितं, आणि थोरल्यांचा दंगा बहुतेक त्याच वेळी होतो, कारण आई तेव्हा उठू शकत नाही. त्यासाठी एक दुरडी केली, फक्त पाजतानाच मिळणारी: झाकणाचे डबे, रिकाम्या कांड्या, रंगीत सुताचे गुंडे, एक चित्रांचं पुस्तक, आणि वाटीत केळ्याचे काप किंवा तूप-गूळ लावलेला भाकरीचा तुकडा. शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत, एवढ्या वयात घशात अडकतात.

बाळाला मारायला गेला तर हात धरायचा, "मारायचं नाही" एवढंच म्हणायचं आणि तोच हात बाळाच्या पावलावरून हळू फिरवायचा, तोंडाला नाही. उलट मारलं तर शिकतो ते मारणंच. दोघांना एकटं एका खोलीत एक मिनिटही सोडायचं नाही, थोरला कितीही गुणी असला तरी.

पोर बोलत असलेले शब्द गमावू लागलं, वजन उतरू लागलं किंवा कुणाच्याच डोळ्यात बघेना, तर त्याला मत्सर म्हणून सोडून देऊ नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. आणि आईला दोन आठवड्यांपुढं रोज रडू येत असेल, बाळ झोपलं तरी डोळा लागत नसेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फोन करावा, तिथं भाषा निवडता येते. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असे विचार आले तर त्याच दिवशी घरच्यांनी डॉक्टरकडे न्यावं.

दोन महिन्यांनी ती दोघांना घेऊन आली. बोचकारणं गेलं आहे. चादर अजून आठवड्यातून दोनदा ओली होते, गादीवरचं रबरी कापड काढलेलं नाही. बारशाला आलेल्या बायकांतली एक म्हणाली होती, "बहीण देऊन टाक आम्हाला." त्यानं पाळण्याची दोरी धरली आणि सोडली नाही, जेवायलाही आला नाही. शेवटी बापानं ताट तिथंच आणून दिलं.